वही आणि रोट : एका घराने गमावलेला आणि पुन्हा जोडलेला विश्वास

धुळे-जळगाव रस्त्यावर पारोळा सोडलं की एरंडोल येईपर्यंत जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावातलं हे घर. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. आकडे थोडे बदलले आहेत, पण एकमेकांशी त्यांचं प्रमाण आहे तसंच ठेवलं आहे. या अटीवरच घरच्यांनी लिहायला होकार दिला. मी निवृत्त शिक्षक. या घरातले दोघे भाऊ माझ्या वर्गात होते आणि सातबारा-फेरफार वाचता येतो अशी माझी गावात ख्याती आहे, म्हणून मला बैठकीला बोलावलं. जे पुढे लिहितो आहे त्यातलं बरंचसं समोर बसून पाहिलेलं आहे.

घरात तीन भाऊ, एक बहीण. थोरले बापू, मधले नाना, मग धाकटा. बहीण आक्का चोपड्याकडे दिलेली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, माय आहे. अकरा एकर जमीन, आजोबांपासून चालत आलेली. कापूस, मका, विहिरीला पाणी असेल त्या वर्षी थोडा गहू. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर एकट्या बापूंचं नाव लागलं आणि त्यापुढे तीन अक्षरं : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर.

या तीन अक्षरांवर जरा थांबतो, कारण सगळं प्रकरण त्यांच्यातून निघालं. आपल्याकडे हजारो सातबाऱ्यांवर ही नोंद होती, अजूनही अनेक ठिकाणी आहे. बाप गेला, पोरं लहान, तलाठ्याने थोरल्याचं नाव लावलं, बाकीच्यांनी मान डोलावली. जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. मॅनेजर म्हणजे मालक नव्हे, हे कायद्यालाही ठाऊक आहे आणि घरालाही. पण वीस-पंचवीस वर्षं बँकेत, सोसायटीत, बाजार समितीत एकच माणूस सही करत राहिला, की त्याला स्वतःलाच हा फरक हळूहळू दिसेनासा होतो. बापूंचं तसं झालं. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो. तरीही चूक त्यांच्याकडूनच सुरू झाली.

जुना सहा नंबरचा महामार्ग, आता त्याला त्रेपन्न म्हणतात, चौपदरी करायला निघाला. फागणे ते तरसोद या टप्प्यात या घराची ३८ गुंठे जमीन गेली. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा आहे, त्याच्याखाली निवाडा होतो आणि रक्कम नोंद असलेल्या खातेदाराला मिळते. बापूंनी भावांच्या आणि बहिणीच्या संमतीपत्रांवर सह्या घेतल्या आणि ३७ लाख २० हजार रुपये बापूंच्या खात्यावर आले. दर कमी वाटला म्हणून वाढीव मोबदल्यासाठी त्यांनी लवादात अर्जही केला. तोही घरासाठीच. तारखांना जळगावला जायचे तेच, एसटीने, डबा घेऊन.

पैसे आले ते दिवस कापूस वेचणीचे होते. बापूंनी घरी इतकंच सांगितलं, "पैसा उनात, बँकमा शेत." अहिराणीत, पैसे आले, बँकेत आहेत. आकडा सांगितला नाही. कोणी विचारलाही नाही. थोरल्याला आकडा विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं या घरात होतं. बहुतेक घरांत असतं.

नानाच्या मनात शंका कशी शिरली ते समजून घ्यायला हवं, कारण गाव त्याला 'पैशाचा लोभी' म्हणून मोकळं झालं. २००६ साली नानाने कापसाचे १ लाख २० हजार तालुक्याच्या एका पतसंस्थेत ठेवले होते. अध्यक्ष ओळखीचा, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणारा. नाना पावती घरी आणायलाही विसरायचा, इतका विश्वास. २००७ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्था अडचणीत आल्या, ठेवीदारांचे मोर्चे निघाले, तेव्हा त्यात ही संस्थाही होती. बँकेतल्या ठेवीला विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला तसं नव्हतं. नानाला मोडकेतोडके हप्ते मिळाले, तेही कित्येक वर्षांनी. मुलीचं लग्न त्याने कर्ज काढून केलं. माणूस आपला आहे म्हणून हिशोब विचारायचा सोडायचा नसतो, हा धडा नाना एकदा पैसे मोजून शिकला होता. म्हणून पारोळ्याला चहाच्या टपरीवर शेजारच्या गटाचा शेतकरी सहज म्हणाला, "तुमचं तर चाळीसच्या जवळपास आलं असेल," तेव्हा त्याच्या पोटात खड्डा पडला.

तरी त्याने दोन महिने काही विचारलं नाही. मग धाकट्याच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा राहिला. बापूंच्या मळ्यात पाइपलाइन आली. आणि एक दिवस नानाच्या मोठ्या मुलाला, जो पुण्याला कंपनीत आहे, बँकेतल्या ओळखीच्याकडून कळलं की वीस लाखांची मुदत ठेव बापूंच्या आणि मोठ्या वहिनींच्या नावावर आहे. बँकेतून अशी माहिती बाहेर जायला नको होती, ती गेली. पोराने फोन केला तो आरडाओरडा करतच. पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा बराच होता, आणि त्याचा राग अजून मिटलेला नाही.

नानाने प्रांत कार्यालयात हरकत घातली. वाढीव मोबदला मंजूर होऊन रक्कम वाटपाच्या उंबरठ्यावर होती. महामार्ग कायद्याच्या कलम ३ एच मध्ये सरळ लिहिलं आहे की कोणाला किती द्यायचे यावर वाद आला तर सक्षम अधिकाऱ्याने प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचं. म्हणजे पैसे अडकले. कारकुनाने नानाला समजावून सांगितलं होतं, की एकदा कोर्टात गेलं की नातू सोडवतील. नाना म्हणाला, "जाऊ द्या."

हे ज्येष्ठात. श्रावणात कानबाई आल्या.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसतात. परंपरेने चालत आलेलं नारळ, त्याला नथ, दागिने, वस्त्र. घर सारवून-रंगवून लख्ख, पितळी भांडी चिंचेने घासलेली. रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर निरोप. आणि रोट. घरातल्या पुरुषांच्या मोजणीने गहू घ्यायचा, या घरात माणशी सव्वा मूठ. त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. भाऊबंदकी एक आहे की फुटली, हे विचारायचं असलं तर माणसं जमिनीचं विचारत नाहीत. "रोट एकच शेतस ना?" असं विचारतात.

त्या वर्षी नानाच्या बायकोने आपल्या घरच्या तीन पुरुषांचे गहू वेगळे घेतले. मोठ्या घरी सहा पुरुषांचे गहू मोजले गेले. मायने टोपलीकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि त्या रात्री गाण्यालाही बसली नाही. कोर्टाच्या नोटिशीने जे झालं नव्हतं ते त्या टोपलीने झालं. सगळ्यांना एकदम कळलं की घर फुटलं.

बैठक पौषात भरली, कापूस विकून झाल्यावर. ओसरीत सतरंजी, मध्ये मी, एक शेजारचे आण्णा, तिघे भाऊ, भिंतीला टेकून माय. आक्काला बोलावलंच नव्हतं. तिला बोलावायला हवं हे मलाही आधी सुचलं नाही, आणि त्याची मला आजही खंत आहे. मायनेच विचारलं, "आक्का कोठे शे?" मग धाकट्याने फोन लावला आणि ती दुपारच्या गाडीने आली. तोवर आम्ही चहा पीत बसून राहिलो.

सुरुवातीलाच बापू बोलले ते वाक्य अशा प्रत्येक प्रकरणात येतं. "मन्हावर इस्वास नही का तुमना?"

नाना खाली मान घालून म्हणाला, "इस्वास शे म्हनीसन तं इचारी र्‍हायनू."

मला वाटतं, या दोन वाक्यांत सगळा गुंता आहे. थोरल्याला विश्वास म्हणजे प्रश्न न विचारणं वाटत होतं. मधल्याला विश्वास म्हणजे प्रश्न विचारता येणं. दोघेही एकच शब्द वापरत होते.

बापूंना राग आला. ते उठले, देवघराकडे हात करून म्हणाले, की कानबाईचं नारळ आणा, त्यावर हात ठेवतो, एक रुपया खाल्ला असेल तर वंश बुडो. आण्णांना ते पटलं. आपल्याकडे पटतंच, बेलभंडारा उचलला की वाद मिटला, ही जुनी रीत आहे. धाकटा उठलाही. तेवढ्यात माय बोलली. ऐंशीच्या पुढची बाई, आवाज बारीक, पण ओसरीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली.

"पहिले वही काढ, मंग देवनं नाव ले."

आणि थोडं थांबून, "मानूस मरी जास, वही र्‍हास." तिचा नवरा गेला तेव्हा कोणाकोणाला तोंडी उसने दिलेले पैसे त्याच्यासोबतच गेले होते. चार लेकरं घेऊन ती दारोदार फिरली होती आणि तिला सगळ्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "आम्ही तर परत दिले." तेव्हाही माणसांनी शपथा घेतल्या होत्या. माझ्या नजरेसमोर ती बसली होती तिथे तिच्या शब्दाला तोड नव्हती. श्रद्धा खरी असलेली बाई देवाला हिशोबाच्या कामाला जुंपत नाही. ज्या गोष्टीचा पुरावा माणसाने द्यायचा, तो देवावर ढकलू नये, एवढंच तिचं म्हणणं. आजवर इतक्या प्रवचनांतून श्रद्धेबद्दल जे ऐकलं त्यापेक्षा मला हे जास्त पटलं.

बापूंकडे वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपऱ्याला तेलाचा डाग, वर सुतळी. वडिलांच्या काळापासूनची सवय, त्यांनी ती सोडली नव्हती. मी वाचत गेलो, धाकटा कागदावर लिहीत गेला.

वडिलांच्या नावचं विकास सोसायटीचं थकलेलं कर्ज, व्याजासह : ४ लाख ८५ हजार. पाइपलाइन : २ लाख ६० हजार. विहीर खोल करणं आणि मोटर : १ लाख ७५ हजार. मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन : १ लाख ९० हजार. धाकट्याच्या ट्रॅक्टरचे सुरुवातीचे : ३ लाख. मुदत ठेव : २० लाख. बचत खात्यावर शिल्लक : २ लाख ७५ हजार. बेरीज ३६ लाख ८५ हजार.

पस्तीस हजार कमी.

बापूंनी वही माझ्या हातातून घेतली, मागची पानं चाळली, पुढची चाळली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या वेळी तिघांच्या बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, भाकरीचा आवाजही थांबला होता. मग ते म्हणाले, "हाई माले सांगता येत नही. मन्हा वाटामा धरा."

नानाचा चेहरा मी तेव्हा पाहत होतो. इतका वेळ सगळ्या पावत्या बरोबर निघत होत्या तेव्हा तो आवळलेला होता, आणि हे एक न जुळलेलं कलम ऐकून तो सैलावला. नंतर त्याने मला सांगितलं, सगळं जुळलं असतं तर मला वाटलं असतं की काल रात्री बसून जुळवलंय. "आठवत नाही" असं बापू त्याच्यासमोर पहिल्यांदाच म्हणाले होते. घराच्या कर्त्याने चूक मान्य केली तर त्याचा मान जातो अशी आपली समजूत असते. त्या दुपारी बापूंचा मान वाढला, मी पाहिला.

मुदत ठेवीचं मात्र इतकं सोपं नव्हतं. ती मोठ्या वहिनींच्या नावावर का? बापूंचं उत्तर : बँकेतल्या माणसाने विचारलं, जोडीला कोणाचं नाव, मी हिचं सांगितलं. हे खरं असणार. व्याजही तसंच पडून होतं. पण समजा बापूंना उद्या काही झालं असतं, तर नाना आणि धाकटा कोणत्या तोंडाने वहिनींकडे मागायला गेले असते, आणि वहिनींना त्यांच्या माहेरच्यांनी काय सल्ला दिला असता? मी हे स्पष्ट विचारलं. वहिनी आतून म्हणाल्या, "गुरुजी, मले तं माहीतच नव्हतं मन्हं नाव शे." तेही खरंच होतं.

आणि मग आक्का. दुपारपासून ती मायजवळ बसली होती. भाऊ तीन वाट्यांचा हिशोब मांडत होते. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं, वाटे तीन नाहीत, माय धरून पाच आहेत. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो आला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही. ओसरीत कोणी हललं नाही. मग मी आक्काला विचारलं, संमतीपत्रावर काय लिहिलं होतं?

ती म्हणाली, "मी कागद वाचेल नही. भाऊसनी सांगं, सही करी दिन्ही."

सबंध घरात सगळ्यात जास्त विश्वास जिने टाकला तिला सगळ्यात कमी सांगितलं गेलं होतं. नानाने निदान शंका घेतली म्हणून त्याला वही बघायला मिळाली. आक्काने शंका घेतली नाही, म्हणून तिचा प्रश्नच निघाला नसता. याला विश्वास म्हणावं का, मला त्या दिवशीही प्रश्न पडला. ज्याच्यापाशी नाही म्हणायची सोय नसते, माहेर तुटेल या भीतीने जी सही होते, तिला आपण फार सहजपणे प्रेम म्हणतो. लाखो बहिणींच्या हक्कसोडपत्रांवर हेच प्रेम असतं. भावांना ती भीती दिसत नाही, कारण ती त्यांना कधी वाटलेली नसते.

आक्काला विचारलं, तुला काय हवं? तिने बराच वेळ पदराची कड मुडपली. मग म्हणाली, पैशाचं पुढे बघू, सातबाऱ्यावर नाव राहू द्या. बापू उठून मळ्यात निघून गेले. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. नानाशी समेट करणं त्यांना जमलं होतं. बहिणीने नाव मागणं त्यांना लागलं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या पिढीच्या माणसाला हे एका दुपारी पचणार नाही. पण तिसऱ्या दिवशी तलाठ्याकडे अर्ज लिहून द्या म्हणून ते स्वतः माझ्या दारात आले.

पुढचं काम कागदाचं. जुने फेरफार काढले, वारसांची प्रतिज्ञापत्रं जोडली, ए.कु.मॅ. ची नोंद कमी करायचा अर्ज दिला. नोटीस निघाली, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला. सातबाऱ्यावर पाच नावं आली. ट्रॅक्टरचे तीन लाख धाकट्याच्या वाट्यात धरले, पस्तीस हजार बापूंच्या. सोसायटीचं कर्ज आणि मायचं ऑपरेशन सगळ्यांचं. पाइपलाइनवर खूप घासाघीस झाली, कारण तिचं पाणी नानाच्या तुकड्याला जात नव्हतं. शेवटी धाकट्याने आपल्या खर्चाने एक फाटा काढून द्यायचं कबूल केलं. मुदत ठेव मोडून पाच खात्यांत टाकली. नानाने हरकत मागे घेतली, सगळ्यांनी मिळून संमती दिली, आणि वाढीव रक्कमही पाच खात्यांवर जमा झाली. लाल वही आता बापूंच्या कपाटात नसते, ओसरीतल्या खिळ्याला टांगलेली असते. कोणी रोज उघडत नाही. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा सुतळीवर धूळ होती.

गावात वेगळीच चर्चा झाली. काही जण म्हणाले, गुरुजींनी घर कागदावर पाच ठिकाणी तोडलं. काहींनी आक्काला नावं ठेवली, तेही बायकांनी जास्त. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती नेहमीप्रमाणे माहेरी आली. बापू तिला आणायला स्टँडवर गेले, पूर्वी ते भाच्याला पाठवायचे. घरापर्यंतच्या वाटेवर दोघं फारसं बोलले नाहीत, असं तिनेच मला सांगितलं. झोक्यावर मात्र ती बसली.

श्रावणात नागपंचमी झाली. शनिवारी गहू मोजायला घेतले तेव्हा मी तिथेच होतो, मायने मुद्दाम बोलावलं होतं. नानाची बायको आपले गहू टोपलीत घेऊन आली आणि मोठ्या घराच्या ओसरीत ठेवून मागे सरली. मायने विचारलं, "कितला जन?"

मोठ्या वहिनी मोजायला लागल्या. आपल्या घरचे चार, धाकट्याकडचे दोन, नाना, नानाचा लहाना. आठवर त्या थांबल्या. पुण्याचा मोठा मुलगा आला नव्हता. त्याने बापूंचा फोनही उचलला नव्हता. नानाची बायको जमिनीकडे पाहत राहिली.

"नऊ," बापू म्हणाले.

नववी सव्वा मूठ टोपलीत पडली. त्या पोराच्या नावचा रोट पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धाकट्याच्या मुलाने गुळासोबत संपवला.